उतार : पाण्यातून जाणाऱ्या चाकांची गोष्ट

जुलैमधल्या एखाद्या सकाळी नाहूरच्या रस्त्यावर गुडघ्याच्या थोडे खाली पाणी साचलेले असते. भाजीचे क्रेट भरलेली एक पिकअप गाडी त्या पाण्याच्या कडेला येऊन थांबते. चालक नवखा आहे. माल वेळेवर पोचला नाही तर त्याचे भाडे बुडणार. मागून हॉर्न वाजत आहेत. समोरून एक मोठा ट्रक पाणी उडवीत सहज निघून जातो. ‘तो गेला, मग मी का नाही?’ असे चालकाला वाटते आणि तो गिअर टाकतो.

पुढे काय होईल? गाडी बाहेर पडेल, मध्येच बंद पडेल, की इंजिनाचे कायमचे नुकसान होईल? याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानातच आहे: आर्किमिडीजचे तत्त्व, वायूंचे नियम, द्रवांची असंपीड्यता. मात्र ही उत्तरे माणसाला प्रयोगशाळेत मिळाली नाहीत. ती नदीकाठी, रणांगणावर आणि चिखलात, बरेच काही गमावून मिळाली आहेत. म्हणून आधी इतिहास पाहू.

शब्दातच दडलेली विद्या

नदी जिथे पायी किंवा गाडीने ओलांडता येते, त्या जागेला मराठीत ‘उतार’ असा शब्द आहे. ‘नदीला उतार मिळाला’ म्हणजे पलीकडे जाण्याजोगी उथळ जागा सापडली. पूल फार थोडे होते त्या काळात रस्ते उतारांकडे पाहूनच ठरत. नदी जिथे पसरट होते, तळाशी खडक किंवा घट्ट वाळू असते आणि दोन्ही काठ सौम्य उतरतात, तिथे वाट लागे. वाटेच्या तोंडाशी गाव वसे, बाजार भरे.

बैलगाडी या कामाला चांगली होती. चाक मोठे, आस उंच, आणि भिजून बिघडेल असे गाडीत काहीच नाही. शिवाय बैल हे एक मोजमापाचे साधनच होते! तळ सुटू लागला की बैल अडून बसे, आणि गाडीवान त्याचे ऐके. कुठल्या महिन्यात कुठला उतार चालतो, पावसानंतर किती दिवसांनी तळ पुन्हा घट्ट होतो, हे काठावरच्या माणसांना ठाऊक असे. परक्या माणसाने त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही, हा अलिखित नियम होता.

हे ज्ञान किती मोलाचे, याचे एक दुःखद उदाहरण आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो, पण त्यातला भूगोल सहसा सांगत नाही. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंचे सैन्य यमुनेच्या पश्चिमेला आणि अहमदशहा अब्दालीचे पूर्वेला होते. मध्ये फुगलेली यमुना. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा जिंकले. पूर अजून ओसरलेला नाही, तेव्हा शत्रू इतक्यात नदी ओलांडणार नाही, हा अंदाज त्यामागे होता. अब्दालीने मात्र दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ उतार शोधला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सैन्य पलीकडे आणले. काही माणसे बुडाली, पण सैन्य पार झाले आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा मार्ग तुटला. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत घडण्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांतले एक कारण काही फूट पाण्याचा चुकलेला अंदाज हे होते.

उताराकडून बांधाकडे

आजची मुंबई ही मुळात बेटे. बेटांमधली उथळ पाणथळ ओहोटीला पायी, भरतीला होडीने ओलांडायची. त्यामुळे लोकांचे वेळापत्रक चंद्र ठरवी. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, शीव येथे मुंबई आणि साष्टी जोडणारा बांधरस्ता झाला. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली, ती आजच्या नाहूरच्या भूमीवरूनच. पुढच्याच वर्षी रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचले.

इथे एक मोठा बदल घडला. पाण्यातून वाट काढण्याऐवजी पाण्याच्या वर वाट उचलण्याची पद्धत रूढ झाली. आगगाडीला पर्यायच नव्हता. तिला सपाट, कोरडा, न खचणारा मार्ग लागतो. आजही रुळांवर पाणी चढले की लोकल थांबवावी लागते, कारण तिच्या विद्युत मोटारी चाकांच्या आसांजवळ, म्हणजे अगदी खाली बसवलेल्या असतात.

पण उंचावलेला रस्ता हा एका बाजूने बांधही असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. नाहूरला परत आल्यावर तिचा उपयोग होईल.

युद्धाने शिकवलेले धडे

मोटार आली आणि उताराचा प्रश्न नव्याने उभा राहिला. बैलाला ठिणगी लागत नाही, पेट्रोल इंजिनाला लागते. बैल नाक वर ठेवून चालतो, इंजिनाचे नाक बॉनेटच्या आत असते.

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना शक्ती पोचवणाऱ्या गाडीसाठी प्रस्ताव मागवले. बॅन्टम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. साधी जीप दीड ते पावणेदोन फूट पाण्यातून जाऊ शके. पण ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना गाड्यांना त्याहून खोल समुद्राच्या पाण्यातून जायचे होते. बंद पडलेली एक गाडी मागच्या सगळ्यांची वाट अडवणार, आणि तीही गोळीबारात!

तंत्रज्ञांनी इंजिनाला लागणाऱ्या गोष्टींची यादी केली. हवा हवी, म्हणून हवा घेणारी नळी उंच नेली. ठिणगी हवी, म्हणून डिस्ट्रिब्यूटर, तारा आणि प्लग ग्रीसच्या लेपाने झाकले. धूर बाहेर जायला हवा, म्हणून सायलेन्सरची नळी वर वळवली. तेलात पाणी शिरू नये, म्हणून गिअरपेटी आणि आसांची श्वासछिद्रे बंद केली. आणि किनाऱ्यावर पोचताच हे लेप व बुचे लवकर काढून टाकण्याच्या सूचना दिल्या, नाहीतर इंजिन तापून बिघडले असते. पाण्यात वाचवणारी गोष्ट कोरड्यात घातक ठरते, हा इथला बारकावा.

युद्धानंतर जीप भारतात रुजली, आणि तिचे माहेर मुंबईच होते. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. तिने विलीजच्या जीपगाड्या मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे उपनगरातल्या कांदिवलीला मोठा कारखाना उभा राहिला. फरशीवरून ओढे ओलांडत खेड्यात जाणाऱ्या सरकारी जीपा अनेक वाचकांनी पाहिल्या असतील. आजची पिकअप ही त्याच घराण्याची: मागे हौदा, खाली पाटे, आणि बहुतेक वेळा शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना.

नियम आणि त्यांची कारणे

अनुभवी चालक नवख्याला चार-सहा नियम सांगतात. प्रत्येकामागे एक तत्त्व आहे.

पहिला नियम: खोली कळल्याशिवाय शिरू नका. साधारण मर्यादा म्हणजे चाकाचा मध्य. पिकअपच्या चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरला, तर मर्यादा ३५ सेंटिमीटर. तीही संथ पाण्यात आणि तळ घट्ट असेल तरच. पाणी संथ आणि तळ ओळखीचा असेल, तर काठीने चाचपत एक माणूस आधी चालतो. वाहत्या पाण्यात किंवा उघड्या मॅनहोलची शंका असेल तिथे मात्र माणसानेही उतरू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. गढूळ पाण्याचा पृष्ठभाग तळाविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा नियम: खालच्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, न थांबता जा. असे गेल्यास गाडीपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे, इंजिनापाशी, पाण्याची पातळी जराशी खाली राहते. वेग वाढवला तर लाट बॉनेटवर चढते. थांबलात तर ती परत फिरून आत शिरते. समोरून मोठा ट्रक येत असेल तर आधी त्याला जाऊ द्या, कारण त्याची लाट तुमच्यासाठी मोजलेली नसते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवू नका. एक हिशेब करू. डिझेल इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये दट्ट्या ५०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि संपीडन गुणोत्तर २० आहे असे धरा. मग दट्ट्या वर पोचल्यावर उरणारी जागा ५०० भागिले १९, म्हणजे सुमारे २६ घन सेंटिमीटर. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या नळीतून दोन मोठे चमचे पाणी आत आले, तरी वर येणारा दट्ट्या भिंतीवर आदळल्यासारखा अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनाचे गुणोत्तर ९ धरले तर हीच जागा ६० घन सेंटिमीटरहून थोडी जास्त येते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्यात अधिक काळ टिकते, असे चालक म्हणतात. ते खरे आहे. पण पाणी नाकात गेले तर डिझेलची क्षमा कमी, हेही तितकेच खरे.

चौथा नियम: तापलेली गाडी थेट पाण्यात घालू नका, आणि नंतर तेल तपासा. मागच्या आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलची बंद पेटी असते. लांबून आल्यावर ती तापलेली असते. आतली हवा ८० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर आली, म्हणजे ३५३ केल्विनवरून ३०३ वर, तर तिचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. मग पेटी जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. दुधासारखे पांढरट तेल दिसले की समजावे, पाणी शिरले. ही बिघाडाची बातमी काही आठवड्यांनी कळते, तेव्हा त्या दिवसाचे पाणी कोणाला आठवतही नाही.

पाचवा नियम: बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जा. ओल्या ब्रेकची पकड कमी झालेली असते, ती घर्षणाच्या उष्णतेने परत येते.

गाडी तरंगते तेव्हा

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यात केवळ गाडी नव्हे तर जीव जातो. चार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद अशी छोटी मोटार घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर. पाणी तिच्या तळापासून १५ सेंटिमीटर वर आले, तर बाजूला सारलेले पाणी ०.९६ घनमीटर, म्हणजे ९६० किलो. अशा मोटारीचे वजन साधारण ९०० किलो! म्हणजे पाणी आत झिरपेपर्यंत ती तरंगू लागते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंच धरला, तर हे सारे केवळ ३२ सेंटिमीटर पाण्यात घडते. अवघी एक फूटपट्टी.

पिकअप जड असते, उंचही असते, म्हणून तिचा चालक निर्धास्त असतो. पण रिकाम्या पिकअपचे बरेचसे वजन पुढे, इंजिनावर असते आणि शक्ती मागच्या चाकांना जाते. पाण्याने मागची बाजू थोडी हलकी केली की नेमकी ढकलणारी चाकेच पकड सोडतात.

त्यात पाणी वाहते असेल तर? पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिकअपची ४.८ मीटर लांब बाजू ४० सेंटिमीटर पाण्यात बुडाली आहे असे समजू. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर आडवा जोर ढोबळमानाने ३९० किलो वजनाइतका. वेग ३ मीटर झाला, म्हणजे फक्त दीडपट, तर जोर ८८० किलोंइतका. उद्धरणानंतर चाकांवर १००० किलो भार उरला आणि ओल्या रस्त्याचा घर्षणगुणांक ०.५ धरला, तर गाडी ५०० किलोंपर्यंतचाच जोर सहन करील. दोन मीटरला टिकलेली गाडी तीन मीटरला वाहून जाते. काठावरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही प्रवाह सारखेच दिसतात. ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन पुढे नेऊ नये’ या पाटीमागे हे गणित उभे आहे.

२६ जुलै २००५

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच पडला. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस होता आणि दुसऱ्या टोकाला प्रलय. शहराची जुनी गटारव्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली, आणि दुपारी मोठी भरती. पाण्याला जायला जागा उरली नाही.

हजारो माणसे गाड्यांत अडकली. ‘गाडीत आहोत, म्हणजे सुरक्षित आहोत’ असे अनेकांना वाटले. काही जणांना त्या बंद गाड्यांतच प्राण गमवावे लागले. असे का व्हावे? एक मीटर रुंद दाराला बाहेरून ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी टेकले, तर त्यावर सुमारे १८० किलो वजनाइतका दाब येतो. आत पाणी नसेल तर बसलेल्या माणसाला ते दार ढकलता येत नाही. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे भिजली तर तीही साथ सोडू शकतात. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या भुयारी मार्गात एका उंच, दणकट गाडीत दोन तरुण असेच बुडून मरण पावले. म्हणून चाके बुडू लागली आणि गाडी हलेनाशी झाली, की पाणी दारापर्यंत चढण्याआधीच काच खाली करून बाहेर पडावे. दणकट गाडी चालकाला पाण्यात शिरण्याचे धैर्य देते, पण बाहेर काढण्याची हमी देत नाही.

पुन्हा नाहूर

नाहूर मुलुंड आणि भांडुप यांच्या मध्ये आहे. पश्चिमेला डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पूर्वेला मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. डोंगराच्या पूर्व उतारावर पडलेल्या पाण्याने पूर्वेकडे वाहून खाडीत जावे, ही निसर्गाची योजना. पण माणसाचे मार्ग दक्षिणोत्तर आहेत: जुना आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, मग रेल्वे, मग पूर्व द्रुतगती महामार्ग. पाण्याने हे तीनही अडथळे नाल्यांतून आणि मोऱ्यांतून पार करायचे. मोरी कचऱ्याने तुंबली, नाला अरुंद झाला किंवा खाडीला भरती असली, की अडलेले पाणी रस्त्यावर येते. ते ओढे गेलेले नाहीत. त्यांच्यावर रस्ते आणि घरे आली, एवढेच. पावसाळ्यात ते आपली जुनी वाट शोधतात, आणि पिकअपचा चालक नकळत एका ओढ्याच्या काठावर उभा असतो. फरक इतकाच, की या ओढ्याचा उतार कोणाला ठाऊक नाही आणि अडून बसणारा बैल सोबत नाही.

वर्गात करण्याजोगे

सुईविरहित सिरिंज घेऊन तिच्यात हवा भरा, तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या ढकला. मग पाणी भरून तेच करा. इंजिन का मोडते, हे मुलांच्या तळहाताला कळेल. बंद झाकणाचा डबा आणि तळाला भोक पाडलेला डबा पाण्यात ठेवून कोणता किती वेळ तरंगतो ते पाहा. तिसरे काम शाळेबाहेरचे आहे. परिसराचा नकाशा काढा, डोंगर, नाले, मोऱ्या, रेल्वे आणि खाडी दाखवा, आणि पावसाळ्यात पाणी कुठे साचते ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून खुणा करा. काही खुणा जुन्या ओढ्यांच्या रेषेवर पडतात का, ते मुलांनाच शोधू द्या. मात्र साचलेल्या पाण्यात कोणी उतरायचे नाही, विचारायचे आणि लिहून घ्यायचे.

त्या सकाळच्या चालकाचे काय झाले? समजा, त्याने चावी फिरवून इंजिन बंद केले, खाली उतरून शेजारच्या दुकानदाराला विचारले, ‘काका, इथं पाणी किती आहे?’ दुकानदाराने समोरच्या भिंतीवरची ओली रेघ दाखवली आणि म्हटले, ‘तासाभरात ओहोटी लागेल, थांब जरा.’ भाजीला उशीर झाला असेल. पण उतार कुठे आहे आणि कधी आहे, हे काठावरच्या माणसाला विचारण्याची जुनी रीत त्याने पाळली.